आकस्मिक खर्च

मंजुरीपत्रात चार शीर्षं होती:
अधिछात्रवृत्ती, घरभाडे, उपकरणे
आणि आकस्मिक खर्च.
पहिली तीन मला आकड्यांसकट पाठ आहेत.
चौथ्यात काय काय मावतं
ते परभणीत आल्यावर कळलं.

सात महिने हप्ता नाही.
पोर्टलवर माझं नाव, नावापुढे पिवळी पट्टी:
प्रक्रियेत.
लेखा शाखेतले मुखीदभाई समजावतात,
"मॅडम, उपयोगिता प्रमाणपत्र गेलं की पैसे येतेत,
अन् पैसे खर्चले की प्रमाणपत्र जातंय."
हे ते इतक्या मायेनं सांगतात
की मी दर वेळी मान हलवते,
जणू फळ्यावर काही सिद्ध झालं.

आई मानवतहून फोन करते.
"डॉक्टर झालीस न? मग आता पुढचं काय करायलीस?"
मी सांगते, करडईच्या मुळात एक बुरशी शिरते,
उभं झाड आतून वाळवते.
तिला मी सांभाळते.
"सांभाळतीस?"
हो. मारायची तर आधी सांभाळावी लागते.
आई थोडा वेळ गप्प बसते
आणि फोन भावाकडे देते.

स्कूटीच्या कर्जासाठी बँकेत गेले.
वेतनचिठ्ठी? नाही.
मग विद्यार्थी? तेही नाही.
मग तुम्ही कोण?
मी आदेश क्रमांक सांगितला, सगळा,
तिरप्या रेघांसकट.

एप्रिलात एका रात्री साडेआठला फीडर गेला.
उणे वीसवर माझ्या दोनशे बारा कुप्या,
प्रत्येकीवर एका गावाचं नाव:
झरी, बोरी, पेडगाव, दैठणा, चारठाणा.
चार हंगाम मी ही शेतं चालले,
वाळलेली झाडं उपटत,
मुळांशी वाकून.
जनरेटरच्या डिझेलला सही लागते,
सहीचे साहेब बैठकीला पुण्यात.
साडेदहाला फ्रीजरच्या काचेवर पाणी दिसायला लागलं.

जिंतूर रोडला बर्फाचा कारखाना आहे,
तिथं लिंबाजी आप्पा बाजेवर पडले होते.
म्हटलं, दोन लाद्या द्या, आणि जाडं मीठ कुठं मिळेल?
त्यांनी कंदील वर धरून माझं तोंड पाहिलं.
इतक्या रात्री बर्फ न्यायला येतं ते कशाला येतं,
त्यांना ठाऊक होतं.
"मयत कुठली, बाई?"
माझ्या तोंडून निघून गेलं, झरीची.
त्यांनी दर पाडला,
पोराला उठवून रिक्षा काढायला लावली,
आणि मी पावती मागितली तेव्हा
असल्या वेळी पावती मागणारी बाई पाहून
एक शब्द न बोलता लिहून दिली:
*मयतासाठी बर्फ, लाद्या दोन.*

पोरानं पहारीनं लादी फोडली,
मी मीठ कालवलं.
कुल्फीच्या मडक्यात असतं तसंच हे,
शाळेच्या फाटकापाशी शिकलेलं रसायनशास्त्र.
कुप्यांच्या पेट्या त्यात पुरल्या, वर गोणपाट टाकलं,
आणि उशाला थर्मामीटर घेऊन फरशीवर बसले.
लाइट पहाटे आली.
पोरगं जिन्यात झोपलेलं.
जाताना विचारून गेलं, "माणूस कुठंय?"

पाच दिवसांनी झरीच्या ताटलीत
पिंजलेल्या कापसासारखं पांढरं काही उगवलं,
कडेला फिकट गुलाबी.
जिवंत.
मी एकटीच हसले, मग
दार लावलेलं आहे का ते पाहिलं.

मुखीदभाईंनी पावती दोनदा वाचली.
चष्मा काढला. म्हणाले,
"अल्लाह सब्र दे."
मी खरं सांगायला तोंड उघडलं,
तोवर त्यांनी डिंक लावून ती चिकटवलीही होती,
चौथ्या शीर्षाखाली.

आता लेखापरीक्षणाचा आक्षेप आलाय, एका ओळीचा:
*मयताशी संशोधकाचे नाते नमूद करावे.*
पुढे एक रिकामा रकाना, बोटभर रुंद.
सोमवारपासून तो टेबलावर पडून आहे.
मी पेनाचं टोपण काढते,
ताटली बघते,
टोपण लावते.